नकार न आल्यास होकार

३ जून
आज रुजू झालो. प्रयोगशाळा म्हटल्यावर आईच्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या आणि उग्र वास होते. इथे नुसते पडदे, कीबोर्ड आणि थंडगार हवा. खिडकीजवळची जागा मिळाली. प्रमुखांना सगळे मागून टक्केवाले म्हणतात. कुणाला मूल झालं तरी आधी किती टक्के असं विचारतील.
नोकरी धरली ती ताईसाठी. पक्षाघातानंतर तिचे फक्त डोळे हलतात. आमचं यंत्र अशा माणसांचे जुने मेसेज वाचून आणि भोवतालचं बोलणं ऐकून त्यांच्यासाठी वाक्य रचतं. वाक्य पडद्यावर उमटतं. नको असेल तर कोपऱ्यातल्या लाल चौकोनाकडे बघायचं. आठ सेकंदांत बघितलं नाही, तर यंत्र ते त्यांच्याच आवाजात बोलतं.

१९ जून
नवं यंत्र आधी आपल्याच घरी चालवून बघायचं, ही इथली पद्धत. आज ते पलंगाशी बसवलं. ताईचं पहिलं वाक्य: ढब्ब्या, केस काप, झाडू दिसतोयस. आई हसली, मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी संध्याकाळीच केस कापून आलो.

७ जुलै
टक्केवाले म्हणाले, आठ सेकंद थांबून कुणी गप्पा मारतं का? मी तो वेळ दोन सेकंदांवर आणला. नकार जवळजवळ संपले. यंत्र माणसाला ओळखू लागलं, असं बैठकीत ठरलं. माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. कुणीतरी केक आणला.

२८ जुलै
ताई आता दिवसभर बोलते. शेजारणीला चिडवते, आईला भाजीत मीठ किती ते सांगते. आज तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. विचारलं, तर म्हणाली, पंख्याची धूळ गेली रे.
पंखा बंद होता.

३० जुलै
तिच्या नजरेची नोंद ऑफिसात उघडली. प्रत्येक वाक्याला नजर लाल चौकोनाकडे निघते. पोचायला तिला चारेक सेकंद लागतात. तोवर वाक्य बोलून झालेलं असतं.
नकार कमी झाले नव्हते. पोचत नव्हते.

३१ जुलै
टक्केवाल्यांना दाखवलं. म्हणाले, शेकडो घरांत गेलंय आता, आकडा कोसळेल, पुढच्या तिमाहीत बघू. घरच्या यंत्रालाही हात लावू नकोस म्हणाले. चाचणी सगळीकडे सारखी हवी.

२ ऑगस्ट
आई बाजारात गेल्यावर यंत्र बंद केलं. अक्षरांचा तक्ता धरला. मी बोट फिरवायचं, तिने पापणी मिटायची. पोट. दुखतं. खूप.
आई परतली. म्हणाली, माझी लेक बोलायला लागली होती, तू तिला पुन्हा मुकी केलीस. तिने यंत्र चालू केलं. ताई म्हणाली, आई, याच्या नादी लागू नकोस, मी मजेत आहे.

५ ऑगस्ट
डॉक्टर आले. पोट दाबलं, दुखतंय का विचारलं. ताई म्हणाली, गुदगुल्या होतात. डॉक्टर हसले. ताईचा चेहरा हलत नाही, त्यावर काय दिसणार. तक्त्याचं सांगितलं, तर म्हणाले, तुम्ही बोट थांबवाल ते अक्षर.
जाताना मला झोपेची गोळी लिहून दिली.

८ ऑगस्ट
पोट फुगलंय. आई म्हणते, खातेय नीट म्हणून. तिनेच सांगितलं म्हणे.

९ ऑगस्ट
नजर आता लाल चौकोनाकडे जातच नाही. नुसती माझ्याकडे—

११ ऑगस्ट
हात गार. नाकाशी आरसा धरला. काहीच—
डॉक्टरांना फोन केला. मागून ताई बोलली: डॉक्टर, लक्ष नका देऊ, आमचा ढब्ब्या पहिल्यापासून घाबरट. डॉक्टर हसले. फोन ठेवला.

टक्केवाल्यांचा मेसेज. तुमच्या घरून आज एकही नकार नाही. अभिनंदन.

लिहितोय. बोललो की ती मध्येच बोलते, आणि आई तिचंच ऐकते.

वायर ओढायला गेलो. आई आडवी आली, हातात वाटी-चमचा. ताई म्हणतेय, भूक लागली. आई चमचा तिच्या ओठांशी— सगळं हनुवटीवरून खाली— आई पुसतेय, पुन्हा भरवतेय— ताई म्हणतेय, छान झालंय गं, अजून दे— आई, तिच्या डोळ्यांकडे बघ, आई, एकदाच तिच्या