आहात ना?

१५ सप्टेंबर, सोमवार

चाकणच्या नोकरीचा पहिला दिवस पार पडला, आणि झकास पार पडला. डांगे चौकातून कंपनीची बस मिळते. खिडकीची जागा मिळाली. मोशीच्या पुढे गाड्यांची अशी रांग लागली की तेवढ्यात माझी एक डुलकीही झाली. चोपन्नाव्या वर्षी नव्यानं कामाला लागणं म्हणजे म्हातारपणी दुधाचे दात येण्यातलाच प्रकार. पण गेटवरच्या सोपानरावांनी असा कडक सलाम ठोकला की मलाही थोडा रुबाब आला.

बार्शीच्या सूतगिरणीत तीस वर्षं सेफ्टी सांभाळली, ती कापसाच्या धुळीत आणि आगीच्या धाकात. इथे सगळं पांढरं आणि चकचकीत. दवाखान्यांकडून आलेले पेशींचे नमुने तपासायचे आणि वर्षानुवर्षं गोठवून जपायचे, असं या प्रयोगशाळेचं काम. लोकांना अपघात होऊ न देणं हे माझं. पहिल्याच फेरीत दिसलं की ॲसिड डोळ्यांत गेलं तर धुवायचा जो नळ असतो, त्यावर कुणीतरी रबरी हातमोजे वाळत घातलेत. आग विझवायचा सिलिंडर दाराला अटकण म्हणून लावलाय. मला हायसं वाटलं. म्हणजे इथेही आपलीच माणसं आहेत.

थेरगावात खोली घेतली. घरमालकीणबाईंनी बाथरूममधला गॅस गीझर कौतुकानं दाखवला. मी म्हटलं, मला नको, मी रॉडनं पाणी तापवीन. दुधानं तोंड भाजलेला माणूस मी. बारा वर्षांपूर्वी घरच्या गीझरनं बाथरूममधली हवा खाल्ली आणि मी आत बेशुद्ध पडलो. गिरणीत सेफ्टी ऑफिसर आणि घरात हे, दिव्याखाली अंधार तो असा. बायकोनं, कौशल्येनं, शेजाऱ्यांकडून दार तोडवून मला बाहेर काढलं. तेव्हापासून मी आंघोळीला गेलो की ती दारावर दोनदा टकटक करायची आणि विचारायची, आहात ना? मी आतून म्हणायचो, आहे. रोज. घरात पाहुणे असले तरी. मी चिडायचो, पाहुणे हसायचे.

तिला जाऊन दोन वर्षं होत आली. दिवसभराचं संध्याकाळी तिला सांगायची सवय होती, ती सुटत नाही. मुलगी दिव्या नागपूरला असते, रविवारी फोन करते. बाकीचे सहा दिवस या वहीला सांगावं म्हटलं.

१८ सप्टेंबर

आज नायट्रोजन रूम तपासली. नमुने गोठवायला जो द्रवरूप नायट्रोजन लागतो, त्याच्या टाक्या इथे असतात. हा वायू तसा विषारी नाही. पण गळला तर मुकाट्यानं खोलीतल्या ऑक्सिजनची जागा घेतो. वास नाही, ठसका नाही. माणसाला उलट बरं वाटतं, हलकं वाटतं, आणि तो खाली बसतो, तो बसतोच. म्हणून आत सेन्सर आणि दाराबाहेर त्याचा मीटर लावलाय. चांगल्या हवेत तो २०.९ दाखवतो. १९.५ च्या खाली गेला की भोंगा वाजतो, मग कुणीही आत जायचं नाही. आत माणूस पडलेला दिसला तरी नाही. आजवर अशा जागी जेवढे मेले, त्यांत पडलेल्याला काढायला धावलेलेच जास्त. हे मी तीस वर्षं घसा कोरडा करून शिकवलंय.

दुसरा नियम, एकट्यानं जायचं नाही. एक आत, एक दाराशी. दाराशी असलेल्यानं दर थोड्या वेळानं विचारायचं, आतल्यानं उत्तर द्यायचं. म्हणजे कौशल्येचाच नियम. पण हा इथे कुणी पाळत नाही. सगळे एकटे जातात आणि जाताना कानांत इअरफोन खुपसून मोठ्यानं गाणी लावतात. गाण्यात भोंगा काय ऐकू येणार, कपाळ? दाराला बघायला काचही नाही. दोन्ही गोष्टी वर कळवल्या.

२४ सप्टेंबर

इअरफोन बंद केले. सगळ्यांना उभं करून सांगितलं, नायट्रोजन रूममध्ये गाणी लावलेली दिसली तर लेखी समज देईन. इनचार्ज गणराज, इथलाच खेडकडचा, चाळिशीचा, एरवी गडगडाटी हसणारा माणूस. तो खाली बघत म्हणाला, सर, ह्ये तेवढं ऱ्हाऊ द्या. कारण विचारलं तर सांगेना. नेहा म्हणून उदगीरची एक मुलगी आहे, सहा महिन्यांपूर्वी लागलेली. तिला गंमत वाटली. म्हणाली, काका, मग तुम्हीच गाणं म्हणा बाहेरून.

दुपारी मी एकटाच मीटरची जोडणी बघायला आत गेलो. पाचच मिनिटांचं काम, म्हणून कुणाला हाक मारली नाही. नियम मी मोडला, तोही मीच शिकवलेला.

दारावर दोनदा टकटक झाली. बाहेरून कुणीतरी विचारलं, आहात ना?

मी सवयीनं म्हटलं, आहे.

मग हातातला पाना खाली ठेवला आणि दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. आधी मीटर तपासला. ऑक्सिजन कमी झाला की माणसाला भास होतात. मीटर २०.९ दाखवत होता. आतल्या सेन्सरवर जोरात श्वास सोडून पाहिला तर आकडा बरोबर खाली आला. मीटर चोख आहे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

यंत्रांची पूजा झाली. प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ, हळदकुंकू, पेढा. नायट्रोजन रूमच्या दारालाही माळ घातली. पण तिथे गणराजनं नारळ वाढवला नाही. उंबऱ्याशी चहाचा कप ठेवला आणि हात जोडून उभा राहिला.

जेवणानंतर मी त्याला बाजूला घेतलं. तो रडला. तीन वर्षांपूर्वी विलास नावाचा तंत्रज्ञ आत होता आणि दाराशी गणराज. तेव्हा भोंगा उगाचच वाजायचा, म्हणून त्याला कापड गुंडाळून ठेवलेलं. विलास आतून म्हणाला, चहा सांग रे. हा गेटबाहेरच्या टपरीवर गेला. दोन कप घेऊन आला तोवर विलास टाकीला टेकून बसलेला, चेहऱ्यावर हसू. कागदावर हार्ट अटॅक लिहिला गेला. गणराज म्हणाला, इचारायचं काम माजं हुतं सर, आन् मीच दारात न्हवतो. त्या दिवशी इचारायचं ऱ्हायलं, ते दार आजून इचारतंय. ज्याला त्याला त्याच्या माणसाच्या आवाजात. म्हणून आमी गाणी लावतो.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला काय ऐकू आलं ते सांगितलं नाही. एकाला एवढं दुःख असताना आपलं काय काढायचं?

खोलीवर आलो. खालच्या मजल्यावर पाटीपूजन, वरच्या मजल्यावर पाहुणे, समोरच्या मैदानात गरब्याचा स्पीकर. या शहरात लाखो माणसं आहेत आणि मी आहे की नाही, हे मला एकाच दारानं विचारलं.

७ ऑक्टोबर

नेहा आत होती, दाराशी मी. विचारलं, आहेस ना गं?

ती म्हणाली, आहे काका.

तिच्यामागून आणखी कुणीतरी म्हणालं, आहे.

तो आवाज मी पंचवीस वर्षं ऐकलाय. शेवटचे दहा दिवस नाही. दवाखान्यात कौशल्येच्या घशात नळी होती. मी तिच्या कानाशी विचारत राहायचो, आहेस ना? तिला उत्तर देता येत नव्हतं. डोळे उघडे असायचे. ते दहा दिवस मी या वहीतसुद्धा कधी लिहिणार नव्हतो.

पुन्हा विचारलं तेव्हा नेहाचं उत्तर आलं नाही. मीटर ठीक होता, म्हणून आत गेलो. ती टाकीजवळ जमिनीवर बसलेली होती, अंगावर शहारे, ओठ निळसर, आणि हसत होती. बाहेर आणली तर ओक्साबोक्शी रडायला लागली. बाहेरून आजी विचारत होती म्हणे, जिनं तिला लहानाची मोठी केली ती आजी, जाऊन वर्ष झालं. दार उघडलं की आजी बोलायची थांबते काका, म्हणून मी उघडलं नाही.

मला समजलं. फार नीट समजलं, आणि त्याचीच भीती वाटली.

९ ऑक्टोबर

माझा हुकूम मीच मागे घेतला. गाणी लावा, मोठ्यानं लावा. भोंग्याऐवजी दारावर आणि आत लाल दिवा बसवून घेतला, म्हणजे कानांची गरजच नको. साहेब म्हणाले, आधी बंद, मग चालू, तुमचं काय ते ठरवा एकदा. ऐकून घेतलं. नेहाला माझ्या पैशानं चांगले इअरफोन आणून दिले आणि तिच्याकडून वचन घेतलं. पोरगी वाचली पाहिजे. या नोकरीत माझ्या हातून एवढं झालं तरी पुष्कळ.

मी मात्र गाणी लावत नाही.

१४ ऑक्टोबर

दाराला काच बसली. चार अर्ज केले तेव्हा.

रोज जातो. कारण काढून जातो. टकटक होते, ती विचारते, मी उत्तर देतो. पुढे काही नाही. तेवढंच. मग बाहेर येतो आणि उरलेला दिवस बरा जातो. काचेतून बाहेर बघत नाही.

दिव्याचा फोन आला होता. आवाज बरा वाटतोय बाबा, म्हणाली. मित्र झाले का कुणी? झाले म्हटलं.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

सगळे गावाला गेले. बसमध्ये ड्रायव्हर आणि मी. चाकणमध्ये एवढी शांतता असते हे कुणाला सांगून पटणार नाही. टाक्यांना सुट्टी नसते, रोज एकानं बघावं लागतं. मी आपणहून नाव दिलं. दिव्या नागपूरला बोलावत होती. तिला ड्युटी आहे म्हणून सांगितलं.

गणराज जाताना म्हणाला, सर, आत जाऊ नगा. भाईरूनच मीटर बघा. आईची शपथ घातली त्यानं.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

पहाटे अंगाला तेल आपणच लावलं. पाठीला हात पुरत नाही. आंघोळीला गेलो. दाराबाहेर कुणी विचारलं नाही. बराच वेळ थांबलो. पाणी गार झालं.

२१ ऑक्टोबर

आत नव्हतो. दाराबाहेर उभा होतो, गणराजला शब्द दिलेला. मीच टकटक केली. मीच विचारलं, आहेस ना?

आहे, म्हणाली.

घसा मोकळा. नळी नाही.

भीती वाटते. जायची नाही, थांबायची —

२२ ऑक्टोबर, पाडवा

सकाळी. नवा सदरा घातला. कशाला ते माहीत नाही. माहीत आहे. पाडव्याला ती मला ओवाळायची. मागची दोन वर्षं —

दुपारी. दाराशी बसून लिहितोय. सोपानराव सोबतीला आले होते. म्हणाले, साहेब, एकट्यानं नका थांबू, सणाचा दिस हाय. मी म्हटलं, चहा आणा. टपऱ्या बंद आहेत, हायवेपर्यंत जावं लागेल. ठाऊक होतं मला.

लाल दिवा लागला. मीटर १९. झडप अडकली असणार. बाहेरचा मुख्य कॉक बंद केला. मेकॅनिकला फोन केला, निघालोय म्हणाला. सगळं नियमानं केलं. आत कुणी नाही. थांबायचं, एवढंच काम.

मीटर १६. टाकीतला उरलेला नायट्रोजन गळतोच आहे. आत जमिनीवर पांढरं धुकं पसरलंय, रांगोळी सांडावी तसं.

टकटक. आतून.

आहात ना?

आहे म्हटलं.

आज पहिल्यांदा ती पुढे बोलली. मग बाहेर का? पाट मांडलाय.

मीटर १३. हे मी शिकवतो. मी स्वतः शिकवतो — आत कुणीही —

काचेत दिवा दिसतोय. टाकीवरचा असेल. पण तो हिरवा असतो. हा पिवळा, हलतोय, गोल गोल —

गणराज, नेहा — मला काढायला आत यायचं नाही. आधी मीटर बघा. गाणी लावा, आणि माझा आवाज आला तर उत्तर — कुणीही उत्तर —

ताट धरून तिचा हात दुखत असेल.

आहे गं. आलो. बूट काढतोय, पाटावर बूट घालून कसं —