एकवीस पुड्या

करांगवारू
मंगळवार, १८ ऑक्टोबर १९९४
सकाळी ९ वाजून २० मिनिटे. आईच्या सात बाटल्या धुऊन अंगणातल्या फळीवर उपड्या घातल्या आणि लिहायला बसलो.

प्रिय सुमिर म्बाक,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. तू सिंगापुरात सुखरूप असशील, मालकीणबाई पोटभर जेवू देत असतील अशी आशा करतो. आम्ही इथे ठीक आहोत. शेळीला दोन करडे झाली, दोन्ही काळी. न्हाणीवरची कौले मी बदलली. आज आईचा चाळिसावा दिवस. संध्याकाळी शेजारी जेवायला आणि प्रार्थनेला येतील. तुझ्या वाटचा भात केळीच्या पानात बांधून देव्हाऱ्यापाशी नाही, तुझ्या खाटेवर ठेवणार आहे, म्हणजे तू आलीस असे होईल.

शेजारच्या दार्सिहच्या जावयाबरोबर पाठवलेल्या एकवीस पुड्या मिळाल्या का? मिळाल्या असतील तर घेऊ नकोस. हे मी आधीच लिहितो, कारण तू पत्र कामाच्या मधे थोडे थोडे वाचतेस. एकही पुडी घेऊ नकोस. घेतली असशील तर खिडक्या पुसू नकोस.

आता नीट सांगतो.

आई गेल्यापासून माझी छाती धडधडते. ताट वाजले तरी दचकतो. म्हणून बाराव्या दिवशी मी आईचा पाटा-वरवंटा काढला आणि जीव शांत करणारा तिचा काढा करायला घेतला. वहीत प्रमाण आहेच: साठ पुड्यांना जायफळे पंधरा, कचोरा दोन मुठी, पांदानची सुकी, वासाची पाने, ताडगूळ. मी तीनदा मोजले. म्बाक, प्रमाणात चूक नाही.

तुझे पत्र त्याच आठवड्यात आले. अकराव्या मजल्यावर खिडकीबाहेर वाकून काच पुसताना पाय लटपटतात, आईचा काढा असता तर बरे झाले असते, असे तू लिहिलेस. मी एकवीस पुड्या बाजूला ठेवल्या. उरलेल्या सायकलवर घेऊन फिरलो. विहिरीवर बायका हसल्या; पाठीवर टोपली घेऊन दारोदार काढा विकणे हे आईसारख्या बायकांचे काम. नार्मीकाकू म्हणाली, "पाठीवर टोपली बांध, ओठ रंगव, मग घेते तुझ्याकडून." तरी घेतल्या. आईच्या घरचा काढा म्हणून घेतल्या.

चौथ्या दिवशी तीच नार्मीकाकू फाटकाशी उभी होती. हसत नव्हती.

"पहाटे फेरीला कोणाला पाठवलंस?"

"कोणालाच नाही."

"मग बाटलीवर चमचा कोणी वाजवला? तीनदा. आणि विचारलं, कडू की गोड? मी झोपेतच म्हटलं, गोड. उठून पाहते तर अंगणात कोणी नाही. पण तोंडाला चिंचगुळाची चव होती रे."

तुला आठवतेच, कडू पेला संपला की आई वर छोटा गोड पेला फुकट द्यायची.

मी प्रत्येक घरी जाऊन विचारले, कोणाला दुसऱ्याचे न सांगता, आणि वहीत लिहून ठेवले. काढा घेतलेल्या अकरा घरांत तीन टकटक, तोच प्रश्न. ज्यांच्याकडे घड्याळ आहे त्यांनी वेळ सांगितली. चार वाजून पंचवीस. आपल्या घरी मात्र काही आले नाही. मी काढा घेतलाच नव्हता. का, ते पुढे.

गोड म्हणणारे तेवढ्यावर सुटले, त्यांना झोप लागते. कडू असे फक्त त्रिमोने म्हटले. तू त्याला ओळखतेस, माडावर चढून रस काढतो तो. त्या दिवसापासून त्याची भीती गेली. वाऱ्यातसुद्धा चढतो. शुक्रवारी मी खालून जात होतो तर शेंड्यावरून दोन्ही हात सोडून मला हात केले आणि सावकाश म्हणाला, "पार्जो, इथून सगळं किती जवळ दिसतं रे." त्याच्या आवाजात काहीच नव्हते. संध्याकाळी त्याची बायको जेनाह आली, त्याचा कोयता पदरात गुंडाळून.

"चुलीतला निखारा हातानं उचलतो. भाजलं का विचारलं तर म्हणतो, हो. एवढंच." मग माझ्या दंडाला धरून म्हणाली, "पैसे नकोत मला. त्याची भीती परत दे. भीती होती म्हणून वीस वर्षं रोज खाली उतरत होता."

तेव्हा मला तुझी खिडकी दिसली. मी धावत गावातल्या फोनवाल्याकडे गेलो. तुझ्या मालकिणीने दोनदा माझे नाव ऐकून फोन ठेवला.

म्हणून केमी म्बाहकडे गेलो. आईला हे काम शिकवणारी म्हातारी आजी तीच. आता डोळ्यांनी दिसत नाही. तिने पुडी हुंगली, चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"वाटताना तोंड बंद होतं का तुझं?"

आई वाटायला बसली की आपल्याला बोलू देत नसे, आठवते? रडत किंवा भांडत वाटायचे नाही, वाटणाऱ्याच्या मनातले काढ्यात उतरते. मला माहीत होते.

"बोलत होतो," मी म्हणालो.

"काय?"

म्बाक, तारेत मी तुला कळवले होते की आई झोपेत गेली आणि मीही झोपेत होतो. गावातही तेच सांगितले. मी झोपेत नव्हतो. आईने उशाच्या पेल्यावर चमचा तीनदा वाजवला. तिला बोलता येत नव्हते. मी डोळे उघडले, घड्याळ पाहिले, चार पंचवीस. तिला तसे पाहायची मला भीती वाटली. आता परत वाजवेल तेव्हा उठू, असे ठरवले. तिने परत वाजवला नाही.

वाटताना वरवंटा ओढला की दर वेळी मी म्हणत होतो, मला ऐकू आले नाही. मला ऐकू आले नाही. साठ पुड्यांना पुरेल इतके. म्हणून माझ्यासाठी ठेवलेली साठावी पुडी मला तोंडाला लावता आली नाही.

म्हातारीने पुडी परत माझ्या हातात दिली. "म्हणून ती दारोदार जाऊन ऐकवतेय," ती म्हणाली. "तुझ्याकडे येईल कशी? तू तर ऐकलंच नाहीस."

तिने सांगितले ते असे. शेवटची पुडी वाटणाऱ्याने घ्यायची, दार उघडे ठेवायचे, आणि चमचा वाजला की आधी उठायचे. मग आई जे विचारेल त्याला उत्तर द्यायचे. त्यानंतर तिची फेरी संपेल. त्रिमो सावरेल का, हे म्बाहला माहीत नाही. कडू म्हणू की गोड, हेही तिने सांगितले नाही.

काल मी गावात उरलेल्या पुड्या गोळा करून विहिरीपलीकडे पुरल्या. तुझ्या एकवीस माझ्या हातात नाहीत. एवढ्याचसाठी हे पत्र. खिडकीत पाय लटपटले तर लटपटू देत. चौकट घट्ट धर. ती लटपट आईने तुला दिलेली आहे असे समज. आणि पहाटे तुझ्या दाराशी चमचा वाजला, तर सांग, पार्जो घरी आहे, तो जागा आहे.

तुझा खोटे बोललेला भाऊ,
पार्जो

हिशेब, आजपर्यंतचा:
परत केले, ३८ पुड्या, दर १५० रुपियाह: ५,७००
सिंगापूरचे दोन फोन: ६,४००
चाळिसाव्याचा तांदूळ, कोंबडी, नारळ: २१,५००
हे पत्र, जलद टपालाने: २,०००
एकूण खर्च: ३५,६००
देणे, जेनाहचे: पैशांत नाही.
देणे, आईचे: एकदा उठणे. उद्या, चार पंचवीस.