उपाशी गेलेला माणूस

४ तारीख, सोमवार
सासूबाई आज न्हाणीघरात भोवळ येऊन पडल्या! साखर उतरली. डॉक्टर माझ्यावरच ओरडले — सकाळी गोळीबरोबर खायला देत नाही का? आता मी काय तोंडात कोंबू? नऊ वर्षं झाली, सासूबाई दुपारी बारापर्यंत अन्नाला शिवत नाहीत. "ते माझ्याशी भांडून उपाशी गेले. माझ्या घशाखाली कसं उतरेल?" त्या सकाळी नाश्त्याला उकडलेल्या भाज्या पुढे ठेवल्या म्हणून सासरे चिडले, तरातरा निघाले आणि दीडेक तासाने बसथांब्यावर कोसळले, ते गेलेच. यापुढे बोलायची सोयच नाही.

५ तारीख
वैद्यकीय शब्दकोशासाठी लिहिलेली माझी 'ऑटॉप्सी' परत आली. मी लिहिलं होतं — मृत्यूचं कारण शोधण्यासाठी केलेली मृतदेहाची तपासणी. संपादकांचा लाल शेरा: "अर्थ ठीक. उगम कुठाय?" या माणसाला चहा दिला तरी तो उगम विचारील.

६ तारीख
सासूबाईंची नाश्त्याची ताटली आजही परत. चेहरा पांढराफटक. मला भीती वाटतेय.

७ तारीख
शवागारातल्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. बाई भलत्याच हसऱ्या! "ग्रीक शब्द आहे. ऑटोस म्हणजे स्वतः, ऑप्सिस म्हणजे पाहणं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं, बस्स! मेलेला माणूस त्याला नंतर चिकटला." आणि वर, "ऐकीव गोष्टी आमच्याकडे चालत नाहीत हो. पोटात काय होतं तेसुद्धा लिहून ठेवतो."

फोन ठेवला आणि बसूनच राहिले. सासरे रस्त्यात गेले, म्हणून त्यांचीही तपासणी झाली होती की! हृदयविकार एवढं तोंडी कळलं. रिपोर्टाचं पाकीट नऊ वर्षं कपाटात तसंच बंद.

नवरा म्हणाला, "नको उकरूस. पोट खरंच रिकामं निघालं तर?"
तेही खरंच. मग तर सासूबाई दुपारचं जेवणही सोडतील.

९ तारीख
फोडलं! पान दुसरं — "जठर अर्धवट पचलेल्या अन्नाने भरलेले. पाव, तळलेला बटाटा."
तळलेला! डॉक्टरांनी सक्त बंद केलेला! नवऱ्याने तीनदा वाचलं, हसत सुटला आणि मग बराच वेळ नाक पुसत बसला.
"आईला तू सांग."
"आई तुझी!"
शेवटी ठरलं, सांगायचं कुणीच नाही. कागद आणि चष्मा त्यांच्यापुढे ठेवायचा.

१० तारीख, सकाळी आठ
सासूबाईंनी ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं. मग सासऱ्यांच्या फोटोकडे वळून जो तोंडाचा पट्टा सुटला! "अहो, भरल्या पोटी गेलात आणि मला नऊ वर्षं उपाशी ठेवलंत? लाज नाही वाटली?"
ढसाढसा रडल्या. मग मला म्हणाल्या, "बघत काय उभी राहिलीस? वाढ!"