बाहुलीचं धुराडं

४ डिसेंबर १९६०
मैना जेवायला बसेना. कारण काय, तर बाहुलीला घर पाहिजे. साधं नाही — भिंतीत विस्तव असलेलं!

हे सगळं तिच्या बापाचं काम. हे कामाला आहेत त्या लाकडाच्या आरा मशीनवरून नागपूर रोडच्या बंगल्यावर लाकडं पोचवायची होती, तर पोरीला बैलबंडीवर बसवून घेऊन गेले. नाव लिहिते त्यांचं, इथं कोण वाचतंय — उकंडा! उकंडा, उकंडा, उकंडा! लग्न झाल्यापासून तोंडानं एकदा घेतलं नाही, आज हात धुऊन घेतला.

तर बंगल्यात कोणी साहेब उतरलेत. त्यांच्या खोलीत भिंतीत मोठा कोनाडा, कोनाड्यात लाकडं पेटलेली, अन धूर म्हणे वरच्या वर छपरातून बाहेर. साहेब समोर खुर्चीत बसलेले.

"मंग भाकर कुठी टाकते?" सासूबाईंनी विचारलं.

"भाकर नाही टाकत, आजी. पाय शेकते."

"नुसते पाय शेकाले येवढं सागवान!" सासूबाईंना दिवसभर तेवढंच पुरलं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून झालं.

मला दुसरंच पुरलं. विस्तव घरात अन धूर बाहेर. असं असतं म्हणजे कुठंतरी.

५ डिसेंबर
आज डोळ्यांचं पाणी थांबेचना. सरपणाच्या तुराट्या ओल्या, फुंकून फुंकून जीव गेला. भाकरी करपल्या त्या करपल्याच.

मागच्या महिन्यात दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी पापणी उलटून पाहिली. म्हणाले, बाई, धुरात बसू नका, असंच चाललं तर चाळिशीच्या आत दिसायचं कमी होईल. बरं! मग भाकरी काय बंगल्यावरून आणू?

आमच्या स्वयंपाकाच्या खोलीला खिडकी नाही. धूर आढ्याला जातो, तिथं जरा टेकतो, अन पुन्हा खाली माझ्याकडे येतो. चुलीमागच्या भिंतीपलीकडे आमचंच परस आहे. वरच्या अंगाला एक भोक पाडलं की झालं! पण चुलीच्या वर सासूबाईंची कणसं टांगलेली असतात. बियाण्याची ज्वारी, एकेक कणीस निवडून घेतलेलं. धुरात राहिली की दाण्याला टोका लागत नाही, पेरणीपर्यंत बियाणं शाबूत. भोक पाडलं की धूर जाणार, धूर गेला की किडा येणार. या घरात आले तेव्हापासून हेच ऐकते आहे.

छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलो, त्या संध्याकाळी सासूबाईंनी कोनाड्यातले देव स्वतःच्या हातानं टोपलीत भरले. कोणी सांगावं लागलं नाही. एवढे देव एका दिवसात हलले! चुलीवरची कणसं काही हलत नाहीत.

मी चौथी पास आहे. आमच्या आळीतल्या बायकांत मी एकटीच वाचते. अन हल्ली कागदावरचं अक्षर पाण्यात पडल्यासारखं दिसतं. भीती वाटते. कोणाला सांगितली नाही, इथं लिहून टाकली.

९ डिसेंबर
चहाचं रिकामं खोकं मिळालं. आतून चांदीसारखा कागद. मैना जेवली.

१८ डिसेंबर
घर झालं. मानलं पाहिजे — कसब आहे यांच्या हातात. खोक्याचे दोन भाग केले, पुढची खोली अन स्वयंपाकाची. मशीनवरून सागाच्या पट्ट्या आणल्या, त्यांचं उतरतं छप्पर. दाराला जुन्या चपलेच्या चामड्याच्या बिजागऱ्या. दाराला कडीसुद्धा! आमच्या न्हाणीचं दार गेल्या पावसाळ्यापासून लोंबतं आहे, त्याला कडी तर सोडाच, खिळा मिळत नाही.

बोलले तर म्हणतात, "न्हाणीचं दार काय कोणी पाह्यते?"

अहो, मी असते ना आत!

आता राहिला विस्तव. मैनाचा हुकूम असा — बंगल्यासारखा भिंतीत पाहिजे, धूर छपरातून गेला पाहिजे, पण वर भाकर टाकता आली पाहिजे. नुसते पाय शेकायची चूल तिला नको. या बाबतीत पोरगी आजीवर गेली.

२१ डिसेंबर
यांनी वावरातली काळी माती आणून चूल केली. छान केली. उन्हात ठेवली.

२२ डिसेंबर
तडकली! मधोमध, मग बाजूनं, मग सगळी. मैना रडते, हे तुकडे जुळवत बसलेले, अन सासूबाई हसून हसून खाली बसल्या.

"अरे, त्या मातीत उन्हाळ्यात वावर तडकते. बैलाचा पाय जाते भेगीत. तं येवढीशी चूल नाही तडकणार? अन बाप्या माणसानं कायले चुलीले हात लावाव? काही इचारशीन तं खरं!"

हे कान खाजवत बसले. अडचण आली की यांचा हात आधी कानाकडे जातो.

२५ डिसेंबर
आज सासूबाईंनी चूल घातली. दिवसभर दुसरं काही केलं नाही.

नाल्यापलीकडच्या उंचवट्याची पांढरी माती आणली. आधी फडक्यातून गाळली. घोड्याची लीद वाळवून चुरली, तीही गाळली. बकरीचे केस कातरून बारीक केले, ते मिसळले. मला म्हणाल्या, "मळ. कणिक मळतं तशी नाही, अजून. हाताले खडा लागला नाही पाह्यजे." मळता मळता माझे खांदे भरून आले. तळहातावर मावेल एवढ्या चुलीसाठी!

मग त्या बसल्या. दोन्ही बाजूंच्या भिंती उभ्या केल्या, मागं भांडं टेकायचा उंचवटा, पुढे राख ओढायला जागा, बाजूला कालवणाचा वैल. मोठ्या चुलीला असतं ते सगळं, काही सोडलं नाही. नख ओलं करून काठ गुळगुळीत केला. यांनी हौसेनं हात पुढे केला तर त्यांच्या हातावर फटका! वाळवायलासुद्धा उन्हात नाही, ओल्या फडक्याखाली, सावलीत.

मी पाहत होते. इतक्या मायेनं बसलेली ही बाई मी कधी पाहिली नव्हती. चांगलं वाटलं. रागही आला. दोन्ही एकदम आलं, खोटं कशाला लिहू.

१ जानेवारी १९६१
चूल वाळली. एक चीर नाही. हैदराबादकडच्या एका ट्रकवाल्यानं यांना तुटकी नळी दिली होती, ती छपराला भोक पाडून चुलीमागं बसवली. आधी धूर घरातच कोंडला. मग यांनी नळी उंच केली, वरचं टोक जरा कलतं केलं, अन चुलीत काड्या पेटवल्या.

गेला! धुराची बारीक दोरी नळीतून सरळ वर. मैना नाचायला लागली. आळीतली पोरं जमली, मग त्यांच्या आया. शेजारच्या सोनीबाईनं गुडघ्यावर बसून आत डोकावून पाहिलं. "बाई बाई! बाहुलीचं नशीब पाह्य! आत बिलकूल धूर नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाहुलीले धुराडं. अन मले?"

सोनीबाईला एकदम घरचं काम आठवलं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाहुलीले पेरणी नसते," म्हणाल्या. "जवारीले टोका लागन. आढ्याचे बांबू घुणतीन. मंग निजजा उघड्यावर."

यांचा हात कानाकडे.

२ जानेवारी
यांच्याशी बोलायचं नाही.

३ जानेवारी
बोलत नाही. त्यांना अजून कळलेलं नाही.

८ जानेवारी
कळलं एकदाचं! मीठ मागितलं, मी ऐकलं नाही, पुन्हा मागितलं, तेव्हा.

"काय झालं व इंदू? बोलून काहून नाही राह्यली?"

मग मी बोलले. जे साठलं होतं ते सगळं. डॉक्टरांचं पुन्हा सांगितलं. हे ऐकत होते, खोटं बोलणार नाही, नीट ऐकत होते.

"तुहं खरं हाय. पण मायले दुखवून कसं पाडू? हे घर तिच्या हातचं. पावसाळा होऊन जाऊ दे, मंग पाहू."

"अन माह्ये डोळे पावसाळ्यालोक थांबतीन?"

वाईट माणूस नाही हो हा. दारू नाही, हात उगारणं नाही, पगार आणून हातात देतात. पण आईसमोर उभं राहायची वेळ आली की आमचा माणूस सागाचा भुसा होतो. राग येतो मला. फार येतो.

१९ जानेवारी
मैनानं पाटी आणून दाखवली. वाचायला पाटी तिरपी धरावी लागली. तिनं विचारलं, "माय, असं काहून पाह्यतं?" म्हटलं, उजेड कमी आहे.

दुपार होती. अंगणात बसलो होतो.

२३ जानेवारी
सासूबाईंनी नवी कणसं टांगली. दोर कमी पडला तर माझ्याकडून मागून घेतला. दिला.

२ फेब्रुवारी
आज जे पाहिलं ते लिहून ठेवते.

मी ओसरीवर तूर निवडत होते. सासूबाई खाटेवर सुपारी कातरत होत्या. मैना तिचं घर मांडून बसलेली. खोकल्याचा आवाज आला म्हणून पाहिलं. मैना खोकत होती, पण बाहुलीसाठी. बाहुलीला चुलीपुढे बसवलेलं. चुलीत काड्या पेटलेल्या, अन खोक्यात धूरच धूर! चांदीचा कागद काळा पडलेला. आढ्याला दोऱ्यानं ज्वारीची बारीक बारीक कणसं टांगलेली. अन नळीत चिंधी कोंबलेली.

"काय व मैना, धुराडं काहून बुजवलं?"

"कणसाले टोका लागन ना, माय."

"अन तिचे डोळे?"

मैनानं बोटानं बाहुलीचे डोळे पुसले. मग मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, "ती सून हाय."

रागानं नाही, दुःखानं नाही. ज्वारीची भाकर पांढरी असते, तसं सांगितलं. अन पुन्हा बाहुलीसाठी खोकायला लागली.

मी तुरीचं सूप खाली ठेवलं. आज ना उद्या ही कोणाच्या तरी घरी जाईल, अशीच खाली मान घालून चुलीपुढे बसेल, अन तिला वाटेल की असंच असतं. शिकवलं कोणी? मीच. रोज सकाळी तिच्यासमोर बसून, पदरानं डोळे पुसून, एक शब्द न बोलता. शाळेत घालते आहे पोरीला! शाळेचं ती काय शिकणार, घरात मी एवढं पक्कं करून ठेवलं आहे.

सासूबाईंनी ऐकलं का, माहीत नाही. त्या सुपारी कातरत राहिल्या.

३ फेब्रुवारी
यांना सांगितलं. म्हणाले, पोरगी खेळते, तू मनाले काहून लावून घेतं?

पुन्हा सांगणार नाही. आता कोणालाच काही विचारणार नाही.

६ फेब्रुवारी
हे मशीनवर, मैना शाळेत, सासूबाई कापूस वेचायला वावरात. लोखंडी सब्बल घेतली, चुलीमागच्या भिंतीवर मारली. नुसता पोपडा उडाला. मारत राहिले. आत दगड लागला, हाताला झिणझिण्या आल्या, भिंत हलेना.

दारात सावली आली. सासूबाई! अर्धा दिवस टाकून परत आलेल्या. मी सब्बल खाली ठेवली नाही. ठेवणारही नव्हते.

त्या आत आल्या. एकेक करून कणसं काढली, पदरात घेतली, बाहेर ठेवून आल्या. मग भिंतीवरून हात फिरवत गेल्या अन डाव्या अंगाला एका जागी थांबल्या.

"तिथं गोटा हाय. इथं मार, इथं कच्चं हाय. मैनाचा बाप पोटात होता तवा मी भोक पाडलतं. माह्या सासूनं बुजवलं."