दाढ चांगली होती

आई, गोळी जिभेखाली ठेवली की डोकं दुखतं. कानशिलं ठणकतात, काही वेळ उजेड नको वाटतो. तू हेच सांगायचीस आणि मी ते निमित्त समजायचे. आता माझ्याकडेही तसलीच बाटली आहे. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला हृदयाचा त्रास होता का. आईला होता, म्हटलं. सुरुवात कशी झाली? दाढेपासून, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचं विचारलं. त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही, याचंच मला वाईट वाटलं.

बाबा गेल्यावर तू भोसरीच्या त्या वर्कशॉपमध्ये लागलीस. प्रेसखाली कापलेल्या लोखंडी चकत्यांचे ट्रे उचलायचे आणि तपासणीच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. सगळं उभ्यानं. मी कॉलेजात होते आणि आपली खोली तुझ्या पगारावर चालली होती. एका हिवाळ्यात तुझी डावीकडची खालची दाढ दुखू लागली. बसमधून उतरून वर्कशॉपचा चढ चढताना दुखायची, भरलेला ट्रे उचलला की दुखायची, जेवणाच्या सुट्टीनंतर जास्तच. मग तू भिंतीला टेकून खाली बसायचीस, कनवटीची डबी काढायचीस आणि मिश्री लावायचीस. ती तंबाखू तू घरीच तव्यावर भाजून कुटायचीस, सगळी खोली खोकायची. बोट हिरड्यांवरून फिरेपर्यंत दाढ थांबलेली असायची. ‘मिसरीनं ऱ्हाती,’ असं तू सगळ्यांना सांगायचीस. माणसांवर तुझा एवढा भरवसा मी कधी पाहिला नाही.

सुपरवायझरला तुझ्या बसण्याचा संशय होता. ‘मावशी, तुमची दाढ ट्रे बघून दुखते का?’ असं त्यानं सगळ्यांसमोर विचारलं होतं. तुझ्या शेजारच्या टेबलावर लातूरकडची एक बाई होती, तीही त्याला सामील झाली. म्हणाली, ‘लई हुशार दाढ हाय मावशीची. रविवारी दुखत न्हाई.’ तू म्हणालीस, ‘रविवारी तुजं तोंड बघावं लागत न्हाई, म्हणून.’ घरी येऊन तू हे हसत सांगितलंस. मीही हसले. पण रविवारी खरंच का दुखत नाही, हा प्रश्न माझ्याही मनात राहिला, आणि तो तुझ्या दाढेबद्दल नव्हता, तुझ्याबद्दल होता.

शेवटी आपण दात काढणाऱ्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं आरशानं पाहिलं, ठोकून पाहिलं. मी शेजारीच उभी आहे. तो म्हणतो, ‘किडलेली दिसत नाही.’ तू म्हणतेस, ‘मला दुखती. तुमाला दिसायची वाट बघू व्हय?’ त्यानं काढली. कागदात गुंडाळून तू ती घरी आणलीस आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवलीस. पांढरी, धड, कुठे छिद्र नाही. रिकाम्या जागी तू लवंग धरू लागलीस. नंतर त्याच चढावर, त्याच ठिकाणी पुन्हा दुखलं. तू लगेच म्हणालीस, ‘मुद्दाम दुसरीच काढली त्यानं. परत यावं म्हणून.’ मला ते पटलं. आपल्या घरात असल्या गोष्टी लवकर पटायच्या.

पुढे एक दिवस तू ट्रेसकट खाली बसलीस. दरदरून घाम, उलटी, जबडा आणि डावा हात दोन्हींच्या कळा सोसवेनात. बायकांनी पित्त म्हणून लिंबूसोडा पाजला. सुपरवायझर म्हणाला, जरा पडू द्या. लातूरवालीनं तुझे हात धरून पाहिले, बर्फासारखे लागले, आणि तिनंच आरडाओरडा करून माल न्यायचा टेम्पो काढायला लावला. हॉस्पिटलात मनगटांना, घोट्यांना पट्टे बांधले, छातीवर कसलंसं थंड मलम लावलं, आणि मशीनमधून रेघारेघांची पट्टी बाहेर येऊ लागली. तू पडल्या पडल्या मला जवळ बोलावलंस. ‘काय लिवलंय बघ त्यात. सही करू नगंस.’ तुला वाटलं, कामावरून काढण्याचे कागद आहेत.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी नीट समजावलं, हे आज मान्य करते. हृदयाला रक्त पुरवणारी नळी आतून अरुंद झालेली होती. चालताना, ओझं उचलताना हृदयाला रक्त जास्त लागतं, ते मिळत नव्हतं म्हणून दुखायचं. काही जणांना ते छातीत कळतं, काहींना जबड्यात. आता ती नळी बंदच पडली होती. तू विचारलंस, ‘आन् दाढ?’ ते म्हणाले, ‘दाढ चांगली असणार.’ मग मिश्रीचं निघालं. ते म्हणाले, ‘मिश्रीनं नाही हो, बसल्यानं थांबायचं. तुम्ही मिश्री लावायला बसत होता. उलट ती तंबाखूच नळ्यांना खाते.’ ते पुढे गेल्यावर तू भिंतीकडे तोंड केलंस. ‘ह्यो बी माज्या बसण्यावर टपलाय. मालकाचाच मानूस.’

घरी आल्यावर मीठ कमी, तळलेलं बंद, ठरलेल्या गोळ्या, सपाटीवरून हळूहळू चालणं, आणि मिश्री कायमची बंद. दुखलं तर बसून छोटी गोळी जिभेखाली. पहिल्यांदा ती घेतलीस आणि कपाळ दाबत म्हणालीस, ‘मिसरीनं कंदी डोकं दुखलं न्हाई.’ डबी तू माझ्यासमोर चुलीत टाकलीस. मला ते फार सोपं वाटलं. त्या दिवसापासून मी तुझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट मिश्रीनं काळं झालंय का ते बघू लागले. तू बोलताना वास घ्यायला पुढे वाकू लागले. तुझ्या तोंडाला लवंगेचा वास यायचा. दाढेची जागा केव्हाच भरून आली होती. लवंग कशाला, मी विचारलं. ‘तोंडाला चाळा,’ तू म्हणालीस. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणालीस, ‘तू पोलिसात जा बाई. मास्तरीण नगं हूस.’

वर्कशॉपनं तुला परत घेतलं आणि तपासणीच्या टेबलापाशी स्टूल दिलं. लातूरवाली म्हणाली, ‘मावशी सायबीण झाली.’ तुला ते स्टूल आवडलं नाही. फुकट बसायला कोण देतं, त्यामागे काहीतरी असणार, असं तू अखेरपर्यंत म्हणत राहिलीस. आणि मी शाळेत शिकवायला लागल्यावरही रोज घरी येऊन आधी तुझं बोट पाहत राहिले.

तू गेलीस त्या दुपारी शेजारीण मला बोलवायला शाळेत आली. घरी तू भिंतीला टेकून बसली होतीस, डोळे मिटलेले, गोळ्यांची बाटली मुठीत, झाकण उघडलेलं. म्हणजे तू बसली होतीस आणि गोळीही घेतली होतीस, जे जे सांगितलं होतं ते सगळं. पुढे मी फळ्या, पिठाचे डबे, गोधड्यांच्या घड्या सगळं पाहिलं. मिश्री कुठेच नव्हती. कागदात गुंडाळलेली दाढ तेवढी होती, ती मी अजून ठेवली आहे.

हे पत्र कुणाच्या हाती द्यायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. मी तुझ्या तोंडाजवळ वाकले तेव्हा शेजारीण मागे सरली आणि रडू लागली. तिला वाटलं, मी तुझा मुका घेतेय. मी वास घेत होते. लवंगेचा आला. आज माझं स्वतःचं डोकं ठणकत असताना तुझं सगळं खरं मानायला मी तयार आहे, आई. फक्त त्या लवंगेचं अजून नाही.