बाबांचे माप आणि ओरिनची एकोणीस काडतुसे

मी, थेल्मा रॉइसलँड, दिवंगत वेंडेल रॉइसलँड यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार हार्टवेल, मोंटाना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस पाडलेले नाही. याआधीची माझी दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी खरे लिहिले नव्हते.

कलम १. राहते घर, मागची जमीन आणि गाडी माझी भाची मार्लीस हिला मिळावी. ती माझ्या धाकट्या भावाची, ओरिनची, एकुलती मुलगी. मात्र हा कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तिने घराची किल्ली घेऊ नये. वाचून झाल्यावर नको वाटली, तर तिला कोणी आग्रह करू नये.

कलम २. तळघरातली धातू कातायची लेथ अंतोन झुपान यांची आहे, ती त्यांना किंवा त्यांच्या मुलीला परत द्यावी. त्यांचे बंदूक दुरुस्तीचे दुकान बंद पडले तेव्हा वेंडेलने ती लिलावात घेतली. मी तिच्यावर चादर टाकून ठेवली आणि त्यानंतर त्या कोपऱ्याकडे पाठ करून कधी बसले नाही.

कलम ३. माझ्या वडिलांचे बंदुकीची दारू मोजायचे माप, बिडाच्या अंगाचे, आत पितळी फिरकी असलेले, आमच्या नेमबाजी मंडळाला द्यावे. काचेच्या कपाटात ठेवा असे लिहिणार होते, पण मापाचा काही दोष नाही. वापरा. फक्त असे वापरा: त्यात काळी दारूच घालायची, दुसरी कुठलीही नाही. बाबांनी कोरलेल्या खुणा काळ्या दारूच्या आहेत. त्याच खुणेवर बिनधुराची, कितीतरी जास्त जोराची, दारू भरली तर बंदूक फुटते. वरचा काचेचा पेला फुटला तर प्लॅस्टिकचा बसवू नये. लोकरीचा स्वेटर घालून बसू नये, अंगावर वीज साठते. बसण्यापूर्वी लोखंडी नळाला हात लावावा. टेबलावर डबा एकच, तोही झाकण लावून. दांडा अडला तर जोर करायचा नाही. आणि जागेवरून उठायचे असेल, मग दारात देव का उभा असेना, आधी पेला रिकामा करून दारू तिच्या मूळ डब्यात ओतायची आणि मगच उठायचे.

ही शेवटची अट मी मोडली.

सप्टेंबर १९८१, शुक्रवार, दुपार. वेंडेलच्या नव्या मापाची स्प्रिंग तुटली होती, म्हणून पिस्तुलाच्या काडतुसांसाठी मी बाबांच्या मापात बिनधुराची दारू भरली. फिरकी माझ्या हिशेबाने लावली. पंधरा काडतुसे भरून झाली तोच वर फोन वाजला. आई तिच्या घरी अंगणात पडली होती. मी तशीच धावले. पेला अर्ध्याहून जास्त भरलेला होता.

मी फोनवर असताना ओरिन मागच्या दाराने थेट तळघरात आला. दुसऱ्या दिवशी मंडळाची स्पर्धा होती आणि त्याच्या जुन्या रायफलची काळ्या दारूची काडतुसे नेहमीप्रमाणे शेवटच्या घटकेला भरायची राहिली होती. त्याने खालून हाक मारली, "थेल्मे, माप भरलेलंच आहे की गं! हेच वापरू का?"

फोनवर डॉक्टर बोलत होते. मी रिसीव्हरवर हात ठेवून ओरडले, "हो रे, घे काय घ्यायचं ते!"

त्याने काय विचारले ते मी ऐकलेच नव्हते. त्याने फिरकी बाबांच्या खुणेवर आणली आणि वीस काडतुसे भरली. दाणे काळसर होते, तळघरात उजेड कमी, आणि चष्मा लावायची त्याला लाज वाटायची.

शनिवारी सकाळी नेमबाजीच्या मैदानावर मी त्याच्या मागे दहा पावलांवर उभी होते. काळ्या दारूचा बार झाला की पांढरा धूर उठतो आणि माणूस क्षणभर दिसेनासा होतो. ओरिनच्या पहिल्याच बाराला धूर झाला नाही. आवाजही वेगळाच, कोरडा. ओरिन सबंध दिसत होता. रायफल फुटून त्याचा जीव कसा गेला तेही सगळे दिसत होते. लोक धावले, किंचाळले. धूर नव्हता हे एकाच्याही लक्षात आले नाही. माझ्या आले.

मी उरलेल्या एकोणीस काडतुसांचा डबा कोटाखाली घेतला, घरी आले, पेला फुलांच्या वाफ्यात उपडा केला आणि माप धुऊन पुसून जागेवर ठेवले. शेरीफ आला तेव्हा मी चहा ठेवत होते.

त्या रायफलची काडतूस आत कोंडून धरणारी कडी महिनाभरापूर्वी अंतोन झुपान यांनी सांधली होती. गावाला तेवढे पुरले. मंडळाचे अध्यक्ष रॉय पिकार्ड यांनी सगळ्यांसमोर त्यांच्याकडून मैदानाची किल्ली काढून घेतली. ओरिनच्या बायकोने दुकानाची काच फोडली. तिला तिथे माझ्याच गाडीतून मी नेले होते. झुपान नंतर शाळेत झाडलोट करायचे. रस्त्यात दिसले की टोपी काढून मला म्हणायचे, "बाई, माझा हात चुकला." दर वेळी म्हणायचे. मी मान हलवायचे.

तेव्हापासून कोणी मला खालून हाक मारली की मी उत्तर देत नाही. मार्लीस म्हणते, "आत्या, तुला ऐकू कमी येतं." मला सगळे ऐकू येते. जिन्याखालून ओरिन अजून विचारतो, आणि माझ्या तोंडून "हो" निघते.

कलम ४. ती एकोणीस काडतुसे वरच्या कपाटात बिस्किटांच्या डब्यात आहेत. कोणी झाडू नयेत, उघडू नयेत. जाणत्या बंदूक-कारागिराकडून शेरीफसमोर फोडून घ्यावीत. आत काय आहे ते गावाने पाहावे.

कलम ५. हे मृत्युपत्र मैदानावर, सगळ्या मंडळासमोर मोठ्याने वाचावे.

हार्टवेल, १४ ऑक्टोबर २०१९.

पुरवणी. वरील कागद साक्षीसाठी रॉय पिकार्ड यांच्याकडे नेला. वाचून ते म्हणाले, "मी सही करणार नाही. मेल्यावर सांगणार होय? झुपान एक्क्याण्णव वर्षांचा आहे, थेल्मा. आधी तो गेला तर हे मैदानावर वाचून कोणाचं भलं होणार?"

म्हणून आज मी, झुपान राहतात त्या वृद्धाश्रमात गेले. रॉय दाराशी थांबले. मी झुपान यांना सगळे सांगितले, वर लिहिले आहे त्याच क्रमाने. त्यांनी मध्ये एकदाच विचारले, "कुठली दारू?" मी नाव सांगितले. ते मनाशी हिशेब करत राहिले.

"म्हणजे कोणाचाही सांधा टिकला नसता," ते म्हणाले.

"नसता."

"माझी बायको मरेपर्यंत म्हणत होती, अंतोन, तुझा हात चुकणार नाही. मीच तिला गप्प करायचो. एकदा तर हात उगारला होता." ते माझ्याकडे पाहत होते, पण रागाने नाही. "आता तिला कुठे जाऊन सांगू?"

थोड्या वेळाने त्यांनी मला जायला सांगितले. मी उठले. मला माफी मिळाली असे कोणी समजू नये. मी ती मागितलीही नाही.

मार्लीसला उद्या सांगणार आहे.

सही: थेल्मा रॉइसलँड
हार्टवेल, मोंटाना, २१ ऑक्टोबर २०१९

आम्हा दोघांसमोर, शुद्धीवर असताना सही केली:
१. रॉय पिकार्ड. (किल्ली मी काढून घेतली होती हे खरे आहे. रॉ. पि.)
२. फे डिलन, शेजारीण