फियाटचं फायबर बॉनेट

२ नोव्हेंबर
ठरलं. अपूर्वाची पाठवणी आपल्या फियाटमधूनच. पोरीनं स्वतः सांगितलंय, बाबा, मला दुसरी कुठलीही गाडी नको. बॉनेट तेवढं गंजून चाळण झालंय. वासंती म्हणते, डेंटरकडे टाका. पत्रा! आजच्या काळात! मी कार्बन फायबरचं बनवणार. स्वतः. व्हिडिओ पाहिले, अवघड काही नाही. लग्न डिसेंबरात. वेळच वेळ.

७ नोव्हेंबर
कार्बन फायबरचं कापड आलं. कापड नाही, स्टिकर निघाला. वर काळी चौकडी छापलेली. विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणे दिसायला सेमच आहे साहेब.
आधी फायबरग्लास. पहिला प्रयोग त्याच्यावरच करायचा, असं माझं मुळात ठरलेलंच होतं.

१२ नोव्हेंबर
थंडी म्हणून रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर जरा सढळ हातानं घातला. बादलीतून धूर. मग बादलीच वितळून बसली. पार्किंगभर वास. वरच्या मजल्यावरच्या पटवर्धनांनी गॅलरीतून विचारलं, आपला स्वयंपाक झाला असेल तर आम्ही खिडक्या उघडाव्यात का. शनिवार पेठेत संशोधनाला वातावरणच नाही.

१६ नोव्हेंबर
जुन्या बॉनेटवर काचेची मॅट आणि रेझिनचे थर चढवले. सुकलं की सोलून काढायचं, साचा तयार. चिकटू नये म्हणून आधी वॅक्स लावा म्हणतात. कंपन्यांचे धंदे. नाही लावलं.
अंगाला प्रचंड खाज. काचेचे तंतू. वासंतीनं अंथरूण हॉलमध्ये हलवलं. माझं.

१८ नोव्हेंबर
साचा निघत नाही.

१९ नोव्हेंबर
छिन्नीनं निघाला. सोबत बॉनेटचा पुढचा भागही निघाला. म्हणजे पत्रा किती कुजलेला होता बघा! माझा निर्णय योग्यच होता.
अपूर्वा येऊन बघून गेली. नंतर आईला म्हणाली म्हणे, कॅब सांगून ठेवू का. मी दोघींना स्पष्ट बजावलं, कॅबचं नाव काढायचं नाही.

१ डिसेंबर
तयार फायबर बॉनेट ऑनलाइन मागवलं होतं. सुज्ञ माणूस वेळेवर मार्ग बदलतो. आलं. नंतरच्या मॉडेलचं आहे. दोन्ही बाजूंनी ग्राइंडरनं कापलं. एका बाजूनं थोडं जास्त कापलं गेलं. रंगात दिसणार नाही.

९ डिसेंबर
दिसतं.
बॉनेटचं लॉक बोल्टनं बसवायला हवं होतं, पण भोक पाडताना तडा गेला. रेझिननं चिकटवलं. सुकलं की दगडासारखं होतं ते. वासंती म्हणाली, अहो, आता पुरे, पोरीकडे बघा जरा. बघतोच आहे. कोणासाठी करतोय हे सगळं?

१४ डिसेंबर, सकाळ
आज लग्न. लॉक किंचित चिकट लागतंय, ऊन लागलं की कडक होईल. बाकीच्यांना कॅबनं मार्केट यार्डाजवळच्या कार्यालयात पाठवलं. नऊवारीत अपूर्वा छान दिसत होती, असं वासंती म्हणाली. मी गाडीखाली होतो. जाताना अपूर्वानं वाकून सांगितलं, बाबा, गाडी राहू दे, तुम्ही चला. म्हटलं, पुढे हो, मागोमाग आलोच.

१५ डिसेंबर
स्वारगेटच्या पुढे बॉनेट उघडलं. सरळ काचेवर. समोरचं काही दिसेना. ब्रेक मारला तसं बिजागरीतून तुटून रस्त्यावर पडलं. मागची बस त्याच्यावरून गेली. तेवढ्यात गाडीही बंद पडली. ट्रॅफिक पोलीस म्हणाला, काका, आधी गाडी बाजूला घ्या, मग रडा. मी रडत नव्हतो. रेझिननं डोळे चुरचुरतात.
टो करणारा येईपर्यंत थांबावंच लागलं. रस्त्यात गाडी सोडून कसं जाणार? फोन खिशात वाजत होता. हात रेझिननं भरले होते, उचलता आला नाही.
रिक्षानं पोहोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. कन्यादानाला वासंतीचा भाऊ आमोद आणि त्याची बायको बसली. मुहूर्त चुकवता येत नाही, असं गुरुजी म्हणाले. बरोबरच आहे.
पाठवणी कॅबमधून झाली. अपूर्वानं वाकून नमस्कार केला. माझे हात चिकट होते, म्हणून तिच्या डोक्यावर ठेवले नाहीत.

२२ डिसेंबर
अल्बमवाला आला होता. कन्यादानाचा फोटो पानभर घ्यायचा का, असं त्यानं विचारलं. वासंती माझ्याकडे बघत राहिली. घ्या म्हणालो. फोटो चांगला आलाय.